सकाळी चालणारा, संध्याकाळी न उचलणारा एसी: अकोल्यातल्या एका घराचं प्रकरण

अकोल्यातलं दुमजली घर. तळमजला जुना, वरची खोली नंतर चढवलेली. वरच्या खोलीत १.५ टनांचा स्प्लिट एसी आहे, इन्व्हर्टर नसलेला, म्हणजे कॉम्प्रेसर एकाच वेगाने चालवणारा, सात उन्हाळे काढलेला. घरात निवृत्त मुख्याध्यापक आणि त्यांच्या पत्नी राहतात. सरांच्या हृदयाची शस्त्रक्रिया झालेली, त्यामुळे डॉक्टरांनी उकाड्यापासून जपायला सांगितलेलं. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि रात्रीही भिंती तापलेल्या असतात. अशा घरात एसी बंद पडणं हा गैरसोयीपुरता प्रश्न राहत नाही, म्हणून हे प्रकरण मी सविस्तर लिहून ठेवतो आहे.

तक्रार होती, ‘एसी चालू होत नाही.’ हे वाक्य तीन अगदी वेगळ्या आजारांसाठी वापरलं जातं. पहिल्यात सगळंच मृत असतं: दिवा नाही, बीप नाही. तिथे एमसीबी, सॉकेट, प्लग किंवा इनडोअरच्या (आतल्या युनिटच्या) कार्डावरचा, म्हणजे सर्किट बोर्डावरचा, फ्यूज बघायचा. दुसऱ्यात इनडोअर वारा देतं, पण बाहेरचं युनिट पूर्ण गप्प असतं. तिथे संशय कार्डावरच्या रिलेवर (बाहेरच्या युनिटला लाइन जोडणाऱ्या स्विचवर), सेन्सरवर किंवा आत-बाहेर जोडणाऱ्या केबलवर जातो. तिसऱ्यात बाहेरचा पंखा फिरतो, पण गॅस दाबणारा कॉम्प्रेसर उचलत नाही, म्हणजे फिरायला लागत नाही. सरांच्या घरचं प्रकरण तिसऱ्या जातीचं होतं, आणि ते आधीच्या कोणी नीट ओळखलंच नव्हतं.

माझ्या आधी तिथे दोघे जण येऊन गेले होते. पहिल्याने इनडोअरचं कार्ड बदललं. दुसऱ्याने बाहेरच्या युनिटवर हात ठेवून ‘कॉम्प्रेसर जॅम आहे’ असं सांगितलं आणि बारा हजारांचा अंदाज दिला. शेवटी ओळखीच्या एका दुकानदाराने सुचवलं की चार केव्हीएचा स्टॅबिलायझर लावा, सगळं ठीक होईल. तिघांपैकी कोणीही चालू होण्याच्या क्षणी मीटर लावलं नव्हतं. सॉकेटमध्ये एकदा व्होल्टेज बघितलं होतं, ते २२२ आलं, आणि ‘सप्लाय ओके’ म्हणून विषय संपला होता. माझा सगळा आक्षेप इथेच आहे. तारेतून करंट जात नसताना मोजलेलं व्होल्टेज त्या तारेबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही. धाग्याएवढ्या संपर्कावर टिकलेला जॉइंटही रिकाम्या लाइनवर पूर्ण २२२ दाखवतो.

मी हत्यारांची पेटी उघडण्याआधी प्रश्न विचारले. मॅडमचं उत्तर फार मोलाचं होतं.

‘सकाळी बरोबर चालते भाऊ. आधी दुपारीही चालत होता. आता सात वाजले की नुसता हुंकारतो आणि गप्प बसतो.’

‘हुंकारतो तेव्हा घरात अजून काही होतं का मॅडम? दिवे, पंखे?’

‘वरची ट्यूब फडफडते. खालची नाही.’

या दोन वाक्यांत निम्मं निदान होतं. खरोखर जॅम झालेला कॉम्प्रेसर सकाळ-संध्याकाळ बघत नाही, तो दिवसभर जॅमच असतो. कार्ड खराब असतं तर तेही सहसा घड्याळ बघून बिघडत नाही. संध्याकाळ बदलते ती दोन बाबतींत: वस्तीतले कूलर आणि एसी एकाच वेळी सुरू झाल्याने व्होल्टेज उतरतं, आणि दिवसभर तापलेल्या युनिटमध्ये गॅसचा दाब वाढलेला असतो, त्यामुळे कॉम्प्रेसरला पहिला फेरा मारायला जास्त जोर लागतो. दुसरं वाक्य त्याहून नेमकं होतं. खालची ट्यूब स्थिर आणि वरची फडफडते, याचा अर्थ व्होल्टेजची मोठी घसरण रस्त्यावरच्या खांबावर होत नव्हती. ती घरातच, मीटर बोर्ड आणि वरचा मजला यांच्या मधे कुठेतरी होती.

तरीही अंदाजावर भिंत फोडायची नसते. मी आदल्या दिवशी फोनवरच सांगून ठेवलं होतं की मी येईपर्यंत एसी चालू करून बघू नका. याला कारण आहे. कॉम्प्रेसर उचलला नाही की त्याची वाइंडिंग (मोटरमधली तारेची गुंडाळी) काही सेकंदांत प्रचंड तापते, मग ओव्हरलोड (कॉम्प्रेसर तापला की तुटणारा संरक्षक स्विच) ‘टक्’ करून लाइन तोडतो. तो थंड होऊन पुन्हा जुळायला उन्हाळ्यात वीस मिनिटं, अर्धा तास, कधी त्याहून जास्त लागतो. लोक या काळात रिमोट दाबत राहतात, आणि तपासायला गेलेल्या माणसाला ओव्हरलोड उघडलेला सापडतो. तो वाइंडिंग जळाली असं समजतो. चांगले कॉम्प्रेसर भंगारात जाण्याचं हे एक नेहमीचं कारण आहे.

सकाळी साडेदहाच्या सुमारास, थंड मशीनवर, एमसीबी पाडून आणि कपॅसिटर (चार्ज साठवून कॉम्प्रेसरला सुरू व्हायला जोर देणारा भाग) रेझिस्टरमधून डिस्चार्ज करून आधी कॉम्प्रेसरच तपासला. त्याच्या तीन टर्मिनलांमधला रोध असा आला: कॉमन ते रन १.८ ओहम, कॉमन ते स्टार्ट ३.४, आणि स्टार्ट ते रन ५.२. पहिल्या दोघांची बेरीज तिसऱ्याइतकी आली, म्हणजे दोन्ही वाइंडिंग शाबूत. मग ५०० व्होल्टच्या मेगरने वाइंडिंग आणि बॉडी यांच्यातलं इन्सुलेशन बघितलं, ते ५० मेगाओहमच्या वर होतं. विद्युत बाजूने कॉम्प्रेसर निर्दोष निघाला. यांत्रिक जॅम आहे की नाही हे ओहम सांगत नाहीत, पण जो सकाळी रोज चालतो त्याच्यावर तो आरोप टिकत नव्हता.

मग दुपारी, ऊन चढल्यावर, क्लॅम्प मीटर (तारेभोवती अडकवून करंट मोजणारं) कॉम्प्रेसरच्या तारेवर, मल्टिमीटर बाहेरच्या युनिटच्या टर्मिनलवर, आणि दुसरं मीटर घेऊन माझा मदतनीस खाली मीटर बोर्डाजवळ. रिमोटवर कूलिंग लावलं. अशा मशीनचं कार्ड कॉम्प्रेसरला लगेच लाइन देत नाही, साधारण तीन मिनिटं थांबतं, म्हणजे दोन्ही बाजूंचा दाब समान होतो. तीन मिनिटांनी रिले लागला. बाहेरचा पंखा फिरला, कॉम्प्रेसर हुंकारला, करंट ३१ अँपिअरवर गेला आणि तिथेच थांबला. टर्मिनलवर १८२ व्होल्ट. चार-पाच सेकंदांनी टक्.

निरोगी कॉम्प्रेसर सुरू होतानाही एवढाच मोठा करंट ओढतो, पण अर्ध्या सेकंदाच्या आत रोटर (मोटरचा फिरणारा भाग) वेग घेतो आणि आकडा सात-आठवर उतरतो. ३१वर खिळलेला आकडा म्हणजे रोटर फिरतच नाही. आणि रिलेने लाइन दिली होती, पंखा फिरला होता, म्हणजे कार्ड आपलं काम चोख करत होतं. जुनं कार्डही बहुधा चांगलंच असणार, पण ते आता घरात नव्हतं.

कपॅसिटर मोजला. वर छापलेलं ५० मायक्रोफॅरड, अधिक-उणे पाच टक्के, म्हणजे ४७.५च्या खाली तो बाद. मीटरवर आले ३९. गच्चीच्या कडेला, पश्चिमेच्या उन्हात ठेवलेल्या युनिटमध्ये सात उन्हाळ्यांत हे होणारच. स्टार्ट वाइंडिंगला जो धक्का लागतो तो याच्यातूनच मिळतो. तो कमकुवत झाला की उचलण्याची ताकद घटते. ५० मायक्रोफॅरड, ४४० व्होल्टचा नवीन कपॅसिटर लावला, ओव्हरलोड निवायला वेळ दिला, आणि पुन्हा चालू केलं. कॉम्प्रेसर पहिल्या झटक्यात उचलला. चालता करंट ७.६ अँपिअर. थोड्या वेळात ग्रिलमधून गार हवा.

मॅडम खूश झाल्या, सरांनी चहा सांगितला. बहुतेक दुरुस्त्या इथे संपतात आणि पावती फाडली जाते. पण मला ते १८२ पटत नव्हते. त्याच क्षणी खाली मीटर बोर्डावर मदतनिसाने २१२ वाचले होते. मीटर बोर्डापासून एसीपर्यंत जेमतेम अठरा मीटर वायर, अडीच स्क्वेअर एमएम तांब्याची. तिचा रोध किलोमीटरला सुमारे ७.४ ओहम असतो. जाऊन-येऊन छत्तीस मीटर धरले तर ०.२७ ओहम होतात, म्हणजे ३१ अँपिअरला आठ-नऊ व्होल्ट पडायला हवेत. पडत होते तीस. उरलेले एकवीस-बावीस व्होल्ट कुठेतरी जळत होते.

मोटरची सुरुवातीची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते, ही गोष्ट प्रत्येक मेकॅनिकने मनात कोरून ठेवावी. २३०च्या जागी १८२ मिळाले तर व्होल्टेज फक्त एकवीस टक्के कमी वाटतं, पण ताकद ६३ टक्क्यांवर येते. १६८ मिळाले तर ५३ टक्के. नवीन कपॅसिटरच्या जोरावर मशीन दिवसा उचललं, पण संध्याकाळची खात्री मला नव्हती. मी तसं स्पष्ट सांगितलं आणि सातनंतर परत आलो.

संध्याकाळी रिकाम्या लाइनवर मीटर बोर्डाजवळच २०५ व्होल्ट होते. म्हणजे वस्तीतलं व्होल्टेजच २३०पेक्षा दहा टक्क्यांहून जास्त खाली. चालू करताना मीटर बोर्डावर १९६, बाहेरच्या टर्मिनलवर १६८. हुंकार, टक्. नवा कपॅसिटर असूनही. अर्ध्या तासाच्या विश्रांतीनंतर दुसऱ्या प्रयत्नात कसाबसा उचलला. दोन दोष एकमेकांना सांभाळून होते: कपॅसिटर चांगला असताना तारेतला दोष झाकला गेला असणार, आणि कपॅसिटर उतरल्यावर तो उघडा पडला.

आता ते हरवलेले व्होल्ट फेजमध्ये (वीज आणणाऱ्या तारेत) की न्यूट्रलमध्ये (परतीच्या तारेत), हे ठरवायचं होतं. त्यासाठी महागडं यंत्र लागत नाही, वायरचं एक लांब बंडल पुरतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मीटर बोर्डाच्या न्यूट्रलला त्या वायरचं एक टोक बांधलं, जिन्यावरून ती वर नेली, आणि दुसरं टोक व बाहेरच्या युनिटचं न्यूट्रल टर्मिनल यांच्यामध्ये मल्टिमीटर लावलं. कॉम्प्रेसर सुरू होताना मीटरने २६ व्होल्ट दाखवले. हेच फेजच्या बाबतीत केल्यावर फक्त चार. म्हणजे फेज निर्दोष, चोर न्यूट्रलमध्ये. फेजवर असं मोजताना त्या लांब वायरमध्ये पूर्ण २३० व्होल्ट असतात, म्हणून हे काम जाणकारानेच, फ्यूज असलेली मीटरची वायर वापरून करावं. घरच्यांनी याच्या जवळही जाऊ नये.

मग बंडलचं टोक तसंच ठेवून टप्प्याटप्प्याने खाली आलो. वरच्या सॉकेटपाशी २४ व्होल्ट. खोलीच्या दाराजवळच्या बॉक्समध्ये तेवीस. जिन्याच्या वळणावर भिंतीत एक चौकोनी जंक्शन बॉक्स होता, रंगाच्या दोन थरांखाली झाकलेला. त्याच्या खालच्या बाजूला मोजलं तर दोन व्होल्ट. उत्तर त्या बॉक्सच्या आत होतं.

मेन स्विच पाडून झाकण काढलं. टेप तपकिरी होऊन कडक झाली होती, हात लावताच तिचे तुकडे पडले. आत तांब्याच्या दोन तारा हाताने पिळलेल्या, आणि त्याच पिळ्यात वरच्या खोलीच्या दिव्यांची जुनी अ‍ॅल्युमिनियमची न्यूट्रल गुंफलेली. वरची ट्यूब का फडफडायची ते इथे कळलं, तिचं न्यूट्रल याच जॉइंटवर होतं. अ‍ॅल्युमिनियमवर हवेने ऑक्साइडचा थर चढतो आणि तो वीज नीट जाऊ देत नाही. शिवाय तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर सारखे फुगत नाहीत, म्हणून दर चालू-बंदला पीळ थोडा सैल होतो. सैल झाला की जास्त तापतो, तापला की आणखी सैल होतो. त्या जॉइंटचा रोध हिशेबाने सुमारे ०.७ ओहम निघत होता. एसी नुसता चालू असताना, ७.६ अँपिअरला, तिथे चाळीस वॅट उष्णता तयार होत होती. चाळीस वॅटचा जुना पिवळा बल्ब काचेसकट भिंतीतल्या बंद डबीत कोंबून रात्रभर पेटवावा, तसं ते चाललं होतं. बॉक्सच्या मागे लाकडी फळी होती. ती काळी पडलेली मी सरांना दाखवली, कारण धोका बघितल्याशिवाय पटत नाही.

आणि आता स्टॅबिलायझरचा तो सल्ला आठवा. स्टॅबिलायझर व्होल्टेज वाढवतो, पण वीज निर्माण करत नाही. बाहेर जास्त व्होल्ट द्यायचे तर आतून जास्त करंट ओढतो. तो वाढीव करंट त्याच जळक्या जॉइंटमधून गेला असता. एसी कदाचित सुरू झाला असता, तक्रार मिटली असती, आणि फळी जास्त वेगाने तापत राहिली असती. स्टॅबिलायझरला माझा विरोध नाही. जिथे खांबावरूनच व्होल्टेज कमी येतं तिथे तो लागतोच. पण घरातली घसरण मोजल्याशिवाय तो विकणं मला पटत नाही. गॅस कमी असल्याचा तर्कही अशा वेळी हमखास पुढे येतो. गॅस कमी असेल तर मशीन कमी गार करेल, पण हुंकारून ट्रिप होणं हे त्याचं लक्षण नव्हे. विनाकारण गॅस भरून घेऊ नका.

दुरुस्ती मोजणीपेक्षा सोपी होती. जळलेला भाग कापून तार पुढे ओढली, पण जॉइंट पुन्हा बांधला नाही. मीटर बोर्डापासून एसीसाठी चार स्क्वेअर एमएमची स्वतंत्र तांब्याची फेज-न्यूट्रल लाइन जिन्याच्या कडेने केसिंग पट्टीतून वर नेली, सोबत अर्थिंगची तार, आणि खाली तिला वेगळा २० अँपिअरचा सी-कर्व्ह (सुरुवातीचा झटका सोसणारा) एमसीबी. दिव्यांची अ‍ॅल्युमिनियम तार चिनी मातीच्या स्क्रू कनेक्टरमध्ये वेगळी बसवली, टोक घासून. बाहेरच्या युनिटच्या टर्मिनलवरच्या तारांच्या टोकांना थिंबल (धातूच्या टोप्या) दाबून लावले. युनिटवर पश्चिमेच्या बाजूने सावलीसाठी पत्रा बसवला, मात्र हवा बाहेर पडायची जाळी मोकळी ठेवून. सगळा खर्च सांगितलेल्या बारा हजारांच्या निम्म्याहून कमी झाला आणि त्यात मोठा वाटा वायरचा होता.

त्या संध्याकाळी सव्वासातला पुन्हा मोजलं. खांबावरून तसंच कमी व्होल्टेज, रिकाम्या लाइनवर २०४. चालू होताना मीटर बोर्डावर १९४, बाहेरच्या टर्मिनलवर १८८. पहिल्या झटक्यात उचलला. मग मुद्दाम बंद करून, दहा मिनिटं थांबून, गरम मशीनवर पुन्हा चालू केला, पुन्हा उचलला. वरची ट्यूब हलली नाही. रिकाम्या लाइनवर २०४ मिळणं हा मात्र वस्तीचा प्रश्न आहे. सरांनी आठवडाभर संध्याकाळची रीडिंग वहीत वेळेसह टिपून ती अर्जासोबत वीज कार्यालयात दिली. ‘व्होल्टेज कमी येते’ एवढंच लिहिण्यापेक्षा आकडे आणि वेळा दिल्या तर ट्रान्सफॉर्मरचा लोड तपासण्याची मागणी नीट करता येते.

इन्व्हर्टर एसी असलेल्यांसाठी एक वेगळी सूचना इथे गरजेची आहे. इन्व्हर्टर कॉम्प्रेसर हळू वेगापासून सुरू होतो, त्याला हा ३०-४० अँपिअरचा धक्का लागत नाही. म्हणून असा सैल जॉइंट त्या घरात हुंकाराने स्वतःची खबर देणार नाही. तो महिनोन्‌महिने शांतपणे तापत राहील, आणि कळेल ते एरर कोड येऊन, प्लग वितळून किंवा वास येऊन. इन्व्हर्टर घेताना जुनी वायरिंग तशीच चालते असं सांगणारे अनेक आहेत. करंट कमी लागतो हे खरं, जॉइंट चांगला असावा लागतो हेही तितकंच खरं.

घरच्यांनी स्वतः काय बघावं? रिमोटचे सेल, मोड ‘कूल’वर आहे का, चुकून टायमर लागलाय का. रिमोटच्या टोकाचा दिवा बऱ्याच मोबाइलच्या कॅमेऱ्यात जांभळट चमकताना दिसतो, त्यावरून रिमोट जिवंत आहे की नाही ते कळतं. एमसीबी पडला असेल तर एकदाच वर करावा; पुन्हा पडला तर हात लावू नये. वीज गेल्या-आल्यानंतर पाच मिनिटं थांबावं. बाहेरून हुंकार आणि टक् ऐकू आलं तर एसी बंद करून ठेवावा, पुन्हा पुन्हा चालवून बघू नये. प्लग किंवा सॉकेट तपकिरी झालेला दिसला, जळकट वास आला, तर त्याच क्षणी मेन बंद. बाहेरच्या युनिटचं झाकण कोणीही उघडू नये. लाइन बंद असली तरी कपॅसिटरमध्ये साठलेला चार्ज जबर धक्का देतो.

आणि मेकॅनिक आला की त्याला तीन गोष्टी आपणहून सांगाव्यात: कोणत्या वेळी होतं, आवाज कसा येतो, घरात त्या क्षणी आणखी काय हलतं. मग त्याला विचारावं, ‘भाऊ, चालू होताना बाहेरच्या टर्मिनलवर व्होल्टेज किती आलं?’ आकडा मिळाला नाही तर कॉम्प्रेसर बदलायला होकार देऊ नये.

पावसाळ्यानंतर सरांनी मला पुन्हा बोलावलं, घरातले बाकीचे जंक्शन बॉक्स उघडायला. गीझरच्या लाइनवरचा एक जॉइंट तसाच सैल निघाला, टेप अजून जळलेली नव्हती. तोही कनेक्टरमध्ये घेतला.